जबड्यात जबडा

मी थापा मारते. अख्ख्या पाली गावाला ठाऊक हाय, त्यात लपवायचं काय? माझ्या सासूने एका हंगामात इतके बोंबील टांगले की आमची मासळी वाळवायची वलांडी सरकत सरकत समुद्रावरून वसईच्या किल्ल्याला जाऊन टेकली आणि तिकडची वरात बोंबलांवरून चालत आमच्याकडे आली, हे मी चाळीस वर्षं सांगतेय. दर वर्षी वरातीत माणसं वाढतात. परवा मी त्यात बँडवाले घातले.

पण थाप तोंडाने मारतात, हाताने न्हाय. माझे हात आजपर्यंत कुणाशी खोटं वागले न्हाईत. आणि त्या हातांबद्दल एसीत बसणाऱ्या एका माणसाने कागदावर लिहून दिलं की हे हात घाणेरडे हायत. थंड झाल्यावर सांगीन म्हटलं होतं, पण महिना झाला, थंड काय होत न्हाय मी. तेव्हा तापलेलीच ऐका.

माझ्या मुलाची, लवूची पोरगी संचिता मिरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या पुढे, एका संस्थेच्या लॅबमधे पीएचडी करतेय. जंतूंची. दोन वर्षांमागे आमच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर चिकट काळे डाग यायला लागले. सगळ्या वलांड्यांवर न्हाय. वलांडी म्हणजे मासळी वाळवायची बांबूची उंच चौकट, त्यातल्या काही काहींवरच. बाया म्हणाल्या, नाल्याचं पाणी. पुरुष म्हणाले, हवामान. पुरुषांना काही कळेनासं झालं की ते हवामानच असतं. संचिता म्हणाली, "भांडता कशाला? बघू ना कुठल्या बांबूवर कुठला जंतू हाय." आणि तिने तोच विषय घेतला.

बघायचं कसं, तर कापूस लावलेली लांब काडी बांबूवर फिरवायची, नळीत घालायची, नळी बर्फात ठेवायची. असे अठ्ठेचाळीस वलांड्यांचे अठ्ठेचाळीस नमुने. पहिले अठरा तिने घेतले आणि तिला डेंग्यू झाला. पोरगी अंथरुणाला खिळली. हंगाम काय तिच्यासाठी थांबणार होता? उरलेले तीस मी घेतले.

हसू नका. तिने झोपल्या झोपल्या मला तीन दिवस शिकवलं. हातमोजे घाल. काडीचं टोक कशाला लावू नकोस. नंबर आधी लिही, नमुना नंतर घे. आणि काम चालू असताना बोलायचं न्हाय, थुंकी उडते.

बोलायचं न्हाय! मला!

तीस वलांड्या, तीस वेळा तोंड शिवून घेतलं मी. शेजारची दिशा समोरून स्कूटरवरून जाताना थांबली, म्हणाली, "शेवंतीमावशी, दात काढून घेतले काय गो?" तिला द्यायला माझ्याकडे इतकं छान उत्तर होतं की अजून जिभेवर हाय. गिळलं मी ते. बोंबलासाठी गिळलं.

नळ्या कुठल्यातरी कंपनीत गेल्या. तिथे त्या जंतूंच्या आतली अक्षरं वाचतात म्हणे, आणि फायली करून पाठवतात. पण त्या फायली म्हणजे नुसता भुसा. त्यातून दाणा काढणारा अख्ख्या लॅबमधे एकच माणूस, अभिनव सर. त्याच्या कॉम्प्युटरवर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला कळत न्हाय. अकरा पोरींचं काम त्याच्या रांगेत. संचिताचा नंबर पाच महिन्यांनी लागला. पाच महिने पोरगी विचारायची, "सर, झालं का?" आणि तो म्हणायचा, "बघतो." एकदा तिने धीर करून म्हटलं, "सर, मला शिकवा, मीच करते." तर म्हणाला, "हे बायोलॉजीवाल्यांचं काम नाही. एवढंसं चुकलं तर सगळं जातं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

गेल्या महिन्यात सोमवारी संचिता घरी आली ती चप्पल घालूनच आत.

"काय झालं गो?"

"काय न्हाय."

"काय न्हाय तर नाक का लाल? मिरच्या कुटून आलीस?"

तिने कागद पुढे केला, अभिनव सरांचा रिपोर्ट. मला इंग्लिश येत न्हाय हे तिला माहीत हाय, तरी केला. मग स्वतःच वाचला, मराठी करून. एक ते अठरा नमुने चांगले. एकोणीस ते अठ्ठेचाळीस निकामी. आणि कागदाची घडी घालायला लागली.

"पुढे वाच."

"सोड ना आजी."

"वाच म्हटलं ना."

"संभाव्य कारण," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "अप्रशिक्षित व्यक्तीने नमुने घेतल्यामुळे झालेली घाण."

लवू कोपऱ्यात जाळं सांधत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मी तेव्हाच बोललो होतो, आयला यात घेऊ नको."

मी त्याच्यावर सूप फेकलं. लागलं न्हाय. वय झालंय, नेम गेलाय.

"आता काय होणार?" मी विचारलं.

"शनिवारी मीटिंग हाय. तिथे हे तीस नमुने काढून टाकतील. अठरावर काय सिद्ध होत न्हाय आजी. नाल्याकडच्या सगळ्या वलांड्या तुझ्या तिसात हायत. परत नमुने घ्यायचे तर पुढचा हंगाम, आणि माझी फेलोशिप मार्चमधे संपते." मग हळूच म्हणाली, "मला सोडावंच लागेल."

रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि भाकरी थापायला बसली.

बुधवारी मी टोपली घेतली. बेव्हर्ली पार्कात माझी सुक्या मासळीची चार गिऱ्हाइकं हायत. ती उरकली आणि सरळ लॅबच्या दारात. वॉचमन म्हणाला, "अम्मा, मछली लेके अंदर नहीं जाने का."

मी म्हटलं, "मछली नहीं है, सैंपल है." सोडलं त्याने.

अभिनव सर म्हणजे चांगला इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. त्याने टेबलावरची पाण्याची बाटली माझ्या टोपलीपासून लांब सरकवली, तेवढं मी बघितलं. संचिता धावत आली, माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

"मी ती अप्रशिक्षित व्यक्ती," मी म्हटलं. "घाण कुठे हाय ती दाखवा."

"आजी, मनाला लावून घेऊ नका. मी बोलत नाही, डेटा बोलतो."

"मग त्याला बोलायला सांगा. ऐकते मी."

लॅबमधल्या पोरी आपापल्या खुर्च्यांवरून बघायला लागल्या, म्हणून असेल, त्याने मला पडदा दाखवला. अठ्ठेचाळीस खांब. पहिले अठरा उंच, हिरवे. एकोणिसापासून सगळे बुटके, राखाडी.

"बघा," तो म्हणाला, "प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी वाचतात. एक फाईल पुढून, एक मागून. पुढचा आणि मागचा एकमेकांत अडकले की वाचन पूर्ण. तुमच्या नमुन्यांत ते अडकतच नाहीत. म्हणजे मालच खराब."

"म्हणजे जोड्या."

"हो, जोड्या म्हणा."

"कोण लावतं जोड्या?"

"स्क्रिप्ट. म्हणजे मी लिहिलेल्या सूचना. आपोआप लागतात."

"बघून लागतात, का हाताला येईल तो घेऊन?"

तो हसला. मी न्हाय हसले. मला सगळं तिथेच दिसलं.

आता तुम्हाला सांगते, तेव्हा त्याला सांगितलं तसंच. बोंबील एकटा टांगता येत न्हाय. दोन घ्यायचे, तोंडं उघडायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही एका मापाचे पाहिजेत, न्हायतर मोठा धाकट्याला ओढतो आणि दोघं वाळूत. म्हणून माझी सासू आधी चटईवर दोन रांगा लावायची, समोरासमोर, मापाला माप. मग डावीकडचा एक, उजवीकडचा एक, अडकव आणि टाक. आता समजा कावळ्याने उजव्या रांगेतला एक उचलला. पोरगी नवीन असली की काय करते? रिकामी जागा बघत न्हाय. पुढचा घेते. मग त्याच्या पुढचा. तिथून शेवटपर्यंत प्रत्येकाला शेजाऱ्याचा जोडीदार. संध्याकाळी बघावं तर अर्धी वलांडी नीट, आणि एका जागेपासून पुढे सगळी मासळी खाली.

"सासू मासळीला दोष द्यायची न्हाय," मी म्हटलं. "पोरीला द्यायची. तुमचा एकोणिसाव्याला कावळा आलाय, सर. माझे हात घाण असते तर तीन नमुने खराब झाले असते, पाच झाले असते, मधेमधे. सलग तीस? अहो, मी चुकून तरी एखादा चांगला घेतला असता ना!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तो पण हसला, पण पोरींकडे बघून. "संचिताने सांगितल्यात मला तुमच्या गोष्टी. ती वसईची वरात! फार भारी." मग संचिताकडे वळला. "आजींना घरी सोडून ये. आणि शनिवारच्या स्लाइड्स अठरा नमुन्यांवरच कर."

आयुष्यभर थापा मारल्याचं मला कधी वाईट वाटलं न्हाय. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. एकदाच खरं बोलले आणि माझ्याकडे ते खपवायला तोंडच उरलं नव्हतं.

बसस्टॉपवर मी संचितावर फुटले.

"तू तरी बोलायचं ना!"

"काय बोलू आजी? कावळा आला म्हणून सांगू?"

"तुझा पण विश्वास न्हाय?"

"त्यांना ते येतं. आपल्याला येत न्हाय." तिने रस्त्याकडे तोंड केलं. "त्या काळ्या पडद्याला हात लावायलाच मी घाबरते. त्यांनी काय केलं ते तपासायचं तर आधी ते यायला पाहिजे."

मला सर्वात जास्त राग याचा आला. वादळात बापाच्या होडीवर उभी राहिलेली पोरगी. साप धरून बाहेर टाकलाय तिने. तिला कुणी शिकवलं घाबरायला? एकटा तो न्हाय हो. जो तो येऊन सांगतो, हे तुझं काम न्हाय, आणि पोरगी एक दिवस स्वतःच ते म्हणायला लागते.

तेवढ्यात मागून हाका. खारी गावची शकू धावत आली, संचिताच्याच लॅबमधली, डासांवर काम करते. धापा टाकत म्हणाली, "आजी, मगाशी मी नाही हसले, आईशप्पथ. संचिता, ऐक. एक वेबसाईट आहे, फुकट. कमांड वगैरे काही टाईप करायचं नाही. फायली चढवायच्या, कुठलं काम ते यादीतून निवडायचं, बटण दाबायचं. प्रत्येक पायरीला काय झालं ते समोर दिसतं. मी माझं सगळं तिथेच करते."

"मग आधी का न्हाय सांगितलंस गो?" मी विचारलं.

शकू ओशाळली. "सरांनी पाहिलं होतं एकदा. म्हणाले, बटणं दाबून सायन्स होत नाही, असलं इथे चालणार नाही. म्हणून लपूनछपून करते."

लपूनछपून! पोरी दारू पितायत का तिथे? अभ्यास करतायत!

गुरुवारी सकाळी मी संचिताला मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात नेलं. गावात नेट तिथलं चांगलं. सोसायटीचा सेक्रेटरी पंढरीनाथ डिझेलचे फॉर्म भरत बसला होता.

"शेवंतीआजी, काम हाय माझं इथे."

"तुझ्या वलांडीचंच काम घेऊन आलेय. सरक."

सरकला. त्याचीही मासळी काळी पडली होती.

कंपनीच्या मूळ फायली संचिताकडे होत्या. पुढच्या अठ्ठेचाळीस, मागच्या अठ्ठेचाळीस. त्या वर चढायला दुपार झाली. शकू फोनवरून सांगत होती, आता हे दाब, आता ते. संचिताचं बोट त्या बटणावर जायचं आणि परत यायचं.

"आजी, चुकलं तर?"

"चुकलं तर परत दाबू. बोंबील पडला तर परत टांगतो न्हाय?"

"एवढंसं चुकलं तर सगळं जातं."

"कुणाचं वाक्य हाय ते? त्याचं त्याला परत दे आणि दाब."

दाबलं. पडद्यावर दोन रांगा आल्या. डावीकडे पुढच्या फायली, उजवीकडे मागच्या, समोरासमोर, आणि मधे जोडीची खूण. मी खुर्चीवरून उठलेच. सासूची चटई होती ती! इथे तर प्रत्येक जोडीचं नाव दिसत होतं, आणि जिथे नावाला नाव जुळेना तिथे ते यंत्र जोडी लावायलाच तयार नव्हतं. खाली लाल अक्षरं आली. पंढरीनाथने चष्मा वर केला आणि वाचलं, "दोन फायली बिनजोडीच्या राहिल्यात, म्हणतंय."

"कुठल्या?"

"डावीकडे एकोणीस नंबर एकटा. आणि उजवीकडे एकदम तळाला एक फाईल, लांबलचक भलत्याच नावाची."

संचिताने जुना मेल शोधला. कंपनीने अभिनव सरांना पाठवलेला, तिला फक्त प्रत. एकोणिसाची मागची फाईल बिघडून आली होती, म्हणून पंधरा दिवसांनी त्यांनी ती काढून नवीन पाठवली, वेगळ्या नावाने. ती नावामुळे रांगेत शेवटी गेली. मोजून दोन्हीकडे अठ्ठेचाळीसच, म्हणून काळ्या पडद्याला काही खटकलं न्हाय. त्याने आले तसे अडकवले. एकोणिसाला विसाचा, विसाला एकविसाचा, असं शेवटपर्यंत. बिघडायची ती एकोणिसाचीच, बरोब्बर माझ्या पहिल्या नमुन्याची. मी स्वतः हे कुणाला सांगितलं असतं तर थापच वाटली असती, पण मेल हाय.

संचिताने त्या दोन रांगांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"कावळा," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, या क्षणी मी नाचेन. कसलं काय. अजून तापले. पाच महिने थांबवलं, आणि थांबवून हे? एकदा कुणी दोन रांगा समोरासमोर ठेवून बघितलं असतं! सोसायटीच्या ऑफिसात, डिझेलच्या फॉर्मांमधे जे दिसलं, ते त्या एसीत का दिसलं न्हाय? कारण तिथे दुसऱ्या कुणाला बघूच देत नव्हते.

संचिताने एकोणिसाला त्याचा जोडीदार दिला आणि पुढचं बटण दाबलं. ह्या वेळी बोट मागे आलं न्हाय.

शुक्रवारी उत्तर आलं. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस चांगले. नाल्याकडच्या सात वलांड्यांवर एक जंतू, जो बाकी कुठल्याच बांबूवर न्हाय. बाया बरोबर होत्या. आणि एकतीस नंबर खराब.

"आजी," संचिताने माझ्याकडे रोखून बघितलं, "एकतिसाला काय झालं होतं?"

मी छताकडे बघितलं. पण घरातच विचारत होती, सांगावं लागलं. त्या दिवशी दिशाचा कुत्रा बर्फाच्या पेटीत तोंड घालत होता. मी शिवी दिली. चांगली लांब दिली.

"काडी हातात असताना?"

"काडी हातात असताना."

"मग हा खराबच म्हणून लिहिणार मी."

"लिही," मी म्हटलं. "तो माझा हाय. बाकीचे एकोणतीस पण माझे हायत, ते पण लिही."

शनिवारी मी लॅबच्या बाहेरच्या बाकड्यावर बसले. टोपली नव्हती, वॉचमनला उगाच तोंड द्यायला नको. दार अर्धं उघडं होतं. आत संचिताच्या गाईड हिना मॅडम, अभिनव सर आणि सगळ्या पोरी. संचिताने दोन रांगा दाखवल्या, मेल दाखवला, नवीन खांब दाखवले. सत्तेचाळीस हिरवे.

अभिनव सर घसा साफ करून म्हणाला, "मॅडम, छोटासा स्क्रिप्ट इश्यू आहे. मी बघणारच होतो. पण हे वेबसाईटवरचं आपल्याला वापरता येणार नाही. मी परत रन करतो."

"किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"रांगेत टाकतो."

मी बाकड्यावरून उठले होते. पण संचिता माझ्या आधी बोलली.

"रांगेत नको सर. मॅडम, ही लिंक उघडा. काय निवडलं, काय दाबलं, कशातून काय निघालं, सगळं नोंदलंय. तुम्ही स्वतः बघा. शंका असेल तिथे परत दाबून बघा."

मॅडमनी लिंक उघडली आणि एकेक पायरी दाबून बघितली. हिना मॅडम मोठ्या बाई, पन्नाशीच्या, अख्खी लॅब त्यांची. त्या म्हणाल्या, "अभिनव, इतने साल में पहली बार मैं खुद देख रही हूँ कि मेरे डेटा के साथ क्या हुआ." आवाज चढवला न्हाय त्यांनी. पण मी दारातून बघत होते, त्याचा तो इस्त्रीचा शर्ट जरा सैल पडला.

नमुने राहिले. संचिताचं काम राहिलं. मॅडम म्हणाल्या, मार्चपर्यंत लिहून काढ. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. माणसं उठायच्या बेतात होती.

"मॅडम, त्या रिपोर्टमधली ती ओळ," संचिता म्हणाली. "अप्रशिक्षित व्यक्तीची घाण. ती काढायची."

"अरे, वो तो इंटरनल रिपोर्ट है," मॅडम म्हणाल्या. "कौन पढ़ेगा? जाऊ दे ना."

"हो ना," अभिनव सर म्हणाला. "काम झालं तुझं. आता इगो कशाला करतेस?"

"न्हाय मॅडम." लॅबमधे ती कधी असं बोलत न्हाय, तिथे ती पुस्तकातलं बोलते. "न्हाय. ती ओळ असेल तर मी सही करणार न्हाय. माझी आजी तीस वेळा गप्प राहिली. सर, तुम्ही माझ्या आजीला ओळखत न्हाय. ती आजोबांच्या मयताला गप्प राहिली न्हाय."

हे मात्र खरं हाय. भटजी चुकत होता.

ओळ काढली. त्या जागी नवीन आली. जोडणी करताना चूक झाली होती, नमुना एकतीस सोडून सर्व नमुने योग्य. आणि खाली, नमुने घेणाऱ्यांत, दोन नावं. दुसरं माझं, पूर्ण.

बाहेर येऊन संचिताने मला कागद वाचून दाखवला. मी तो पदरात बांधला आणि पालीला आल्यावर पंढरीनाथकडे नेला, परत वाचून घ्यायला. नातीवर विश्वास न्हाय असं न्हाय. पण ती माझी नात हाय. पंढरीनाथने दोनदा वाचला. बरोबर होतं.

आता रविवारी लॅबमधल्या पोरी सोसायटीच्या ऑफिसात येतात, शकू पुढे बसते, संचिता मागे. पंढरीनाथ कुरकुरतो आणि चहा सांगतो. नवीन पोरगी आली की मी तिला आधी वाळूवर नेते आणि दहा जोड्या लावायला देते. कुणी नाक मुरडलं तर म्हणते, सरांच्या रांगेत जा मग, मोकळी हाय हल्ली.

तो मात्र माझ्याशी त्या चुकीबद्दल एक शब्द बोलला न्हाय. त्या शनिवारी बाकड्यासमोरून गेला, मी उठतेय असं वाटून म्हणाला, "बसा बसा, आजी," आणि जिना उतरला. एवढंच. घाण म्हणायला कागद सापडला होता, चुकलं म्हणायला तोंड सापडलं न्हाय.

म्हणून मी त्याची सोय केलीय. सासूच्या वलांडीवरून वसईची वरात येते ना, त्यात बँडवाल्यांच्या मागे आता एक साहेब चालतो. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली, अनवाणी, बोंबलांवरून, खाली समुद्र. प्रत्येक पावलाला एक जोडी सुटते. परवा दिशाने विचारलं, "मग पोचला काय गो तो पालीला?"

"न्हाय अजून," मी म्हटलं. "माफी मागेल तेव्हा बघू."